शेवटून पहिला नंबर

परवा नातवाचा दिल्लीहून फोन आला. पठ्ठ्या तिकडे अर्थशास्त्रात एम.ए. करतोय. जेवण-खाण, थंडी, खोलीचं भाडं वगैरे बोलून झाल्यावर म्हणाला, "आबा, तुम्ही सांगता ना, खापरपणजोबा मुंबईला गिरणीत होते म्हणून? त्यांचा नंबर सापडला!"

मला वाटलं, त्यांच्या बिल्ल्यावरचा नंबर असेल. हौसेने विचारलं, "कितवा रे?"

"शेवटून पहिला! म्हणजे तसा चौघांत विभागून आहे," असं म्हणून हसायला लागला.

मग त्याने मोबाइलवर एक तक्ता पाठवला. माझं इंग्रजी जुन्या मराठी माध्यमातल्या बी.ए.चं. त्यामुळे शब्दकोश जवळ घेऊन दोन दिवस त्या तक्त्याशी आणि सोबतच्या निबंधाशी झटापट केली. सुरुवातीला वैताग आला, मग राग आला आणि शेवटी जे वाटलं त्याला काय म्हणावं ते अजून ठरत नाहीये. म्हटलं, लिहून काढावं. घरातले वाचतीलच, बाकीचे मित्रही सांभाळून घेतील.

निबंध आहे ग्रेगरी क्लार्क नावाच्या अर्थशास्त्राच्या इतिहासकाराचा, १९८७ सालचा. सगळं जग विकसित का झालेलं नाही, हा प्रश्न त्याने शीर्षकातच विचारलाय आणि उत्तर शोधायला गेलाय कापडगिरण्यांत. कारण सोपं आहे. १९१० च्या सुमारास गिरण्या जगभर होत्या आणि यंत्रं सगळीकडे साधारण सारखीच होती. मग एकेक कामगार किती यंत्रं सांभाळतो ते मोजलं की तुलना करता येते. त्याचा निष्कर्ष असा, की अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातला एक कामगार जेवढं काम करी तेवढ्याला इंग्लंडात दीड माणूस लागे, जर्मनीत २.३, आणि ग्रीस, जपान, हिंदुस्थान व चीन या चार देशांत जवळजवळ सहा! तिकडचा विणकर साधारण आठ माग चालवी, लँकेशायरचा चार आणि आमच्या मुंबईचा दोन.

आमचे आजोबा तेच दोन मागवाले. गिरणगावात मागाला साचा म्हणत आणि विणकराला साचेवाला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावातून (आता ते सिंधुदुर्गात आहे) ते १९१८ साली, सोळाव्या वर्षी बोटीने मुंबईला आले. त्यात नवल काही नव्हतं. १९११ च्या जनगणनेत मुंबईचे जवळजवळ निम्मे गिरणी कामगार एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचे होते. आधी बदली म्हणून रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं आणि जॉबरची मर्जी असेल त्या दिवशी काम मिळायचं. पुढे दोन साचे कायमचे मिळाले. तीसेक वर्षं त्यांनी ते चालवले. मी पाहिले तेव्हा गावी आले होते आणि कान पार गेले होते. आमच्या घरात त्यांच्याशी सगळे ओरडूनच बोलत.

अशा माणसाला कुणी सहाव्या हिश्श्याचा म्हटलं की नातवाला लागणारच. पण मी मास्तर आहे. चौतीस वर्षं प्रगतिपुस्तकं भरली आणि मुलांचे नंबर काढले. समोर बेरीज मांडली असेल तर ती आधी तपासायची, मग रागवायचं, ही सवय. म्हणून बेरीज तपासली.

पहिली गोष्ट म्हणजे तक्त्यात पगाराचाही रकाना आहे. न्यू इंग्लंडच्या कामगाराची मजुरी मुंबईच्या कामगाराच्या दहा पटींहून जास्त होती. म्हणजे काम एक षष्ठांश, पण मजुरी एक दशांशाहूनही कमी! मजुरीच्या पैशापैशाचा हिशेब केला तर मालकाला जास्त काम मुंबईचाच माणूस देत होता. नातवाने हा रकाना मला फोनवर सांगितला नव्हता. नंबर असे सांगायचे असतात का? आमच्याकडे गणिताचा पेपर तपासताना पायऱ्यांनाही मार्क असत.

मग प्रश्न पडतो, की एवढा स्वस्त मजूर दाराशी असताना लँकेशायरचं कापड इथे खपलं कसं? १९१३ साली लँकेशायरने जवळपास ७०० कोटी यार्ड कापड परदेशी पाठवलं आणि त्यातलं सुमारे ३०० कोटी यार्ड एकट्या हिंदुस्थानात आलं. एक तर आमच्या गिरण्यांची यंत्रं इंग्लंडातूनच बोटीने यायची, त्यामुळे तीच गिरणी इथे उभारायला जास्त भांडवल लागे. कोळसाही लांबून यायचा. त्यात सरकार परकं. मँचेस्टरच्या दबावाखाली १८८२ साली परदेशी कापडावरची जकात उठवली. तिजोरी रिकामी झाली म्हणून १८९४ साली ती परत बसवली, तर इथल्या सुतावरही अबकारी कर लावला. १८९६ साली परदेशी कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी कापडावरही बरोबर साडेतीन टक्के कर! तो पुढे १९२५ पर्यंत चालला. पाहुण्याकडून भाडं घेतलं म्हणून घरच्या मुलाकडूनही तेवढंच घ्यायचं, असला हा न्याय.

पण इथे थांबून सगळं खापर इंग्रजांवर फोडलं तर आपलीच फसवणूक होईल. कारण तक्त्यात आपल्या शेजारी बसलेला जपान. १९१० साली तोही 'सहा' वाल्यांतच होता. पुढच्या पंचवीस वर्षांत जपानी गिरण्यांत दर माणशी काम कितीतरी पटींनी वाढलं आणि मुंबईत ते फारसं हललं नाही. जपानी कापड इतकं स्वस्त येऊ लागलं की १९३३ साली ब्रिटिश नसलेल्या कापडावर सरकारला ७५ टक्के जकात बसवावी लागली. तेव्हा जपानने उलट आपला कापूस घेणंच बंद केलं आणि १९३४ साली तडजोड झाली. बरोबर बसलेला विद्यार्थी एवढा पुढे गेला आणि आपण तिथेच राहिलो, याचं उत्तर द्यावंच लागतं.

क्लार्कने एकेक कारण घेऊन बाजूला केलंय. मजूर स्वस्त म्हणून जास्त माणसं लावली का? त्याच्या हिशेबाने नाही, तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. यंत्रं जुनी होती का? तेही नाही. व्यवस्थापन वाईट? प्रशिक्षण कमी? माणसाची कुवतच कमी? नाही, नाही, नाही. शेवटी उरतं ते, तो म्हणतो, स्थानिक संस्कृती.

हा शब्द वाचला आणि मी चष्मा काढून ठेवला. कारण असाच एक शब्द मी स्वतः एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात लिहिलेला आहे.

१९७० च्या दशकातली गोष्ट. परळच्या एका शाळेत मी नुकताच लागलो होतो. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता, नंबर कायम एक्केचाळीस-बेचाळीसच्या आसपास. वर्गात डुलक्या काढायचा. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "अभ्यासाची आवड नाही." सहामाहीनंतर पोराने एकदम एकोणिसावा नंबर काढला. मला कॉपीचाच संशय आला आणि मी वडिलांना बोलावलं. ते आले, हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजी, माझी रातपाळी सुटली." दहा बाय बाराची खोली. वडील दिवसा झोपायचे, त्यामुळे घरात तोंडातून शब्द काढायची बंदी. पोरगा रात्री गॅलरीतल्या दिव्याखाली वाचायचा. वडिलांना दिवसपाळी मिळाली आणि पोराला घर मिळालं. मुलगा तोच, मास्तर तोच, पुस्तकही तेच. शेरा मी खोडला, पण शाईने खोडलेलं दिसतंच. त्याची क्षमा मागायची राहून गेली, ती राहूनच गेली.

आणि गंमत म्हणजे, क्लार्कच्याच निबंधात याचा पुरावा आहे. न्यू इंग्लंडच्या त्या पहिल्या नंबरवाल्या गिरण्यांत काम करणारे बहुतेक लोक बाहेरून आलेले होते: पोलंडचे, पोर्तुगालचे, इटलीचे, ग्रीसचेही. म्हणजे ग्रीसमध्ये राहिला तो सहातला एक, आणि बोटीत बसून अमेरिकेला गेला तर थोड्याच काळात तिथल्यासारखा एकटाच पुरे! आता संस्कृती त्याने बंदरावर उतरवून ठेवली का? क्लार्कही माणसाला दोष देत नाही, तो 'स्थानिक' म्हणतो, हे मान्य. पण स्थानिक म्हणजे नेमकं काय, ते जागेवर जाऊन बघायला हवं. मी त्या मुलाची खोली बघायला हवी होती, तसं.

मुंबईच्या साचाखात्यात काय होतं? आखूड धाग्याचा कापूस, त्यात स्वस्तातली भेसळ, त्यामुळे धागा तुटायचा. तुटला की साचा थांबवून जोडायचा. जोडला नाही तर कापडात खोट, आणि खोट आली की ते खराब कापड साचेवाल्याच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची, अशी पद्धत होती. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले तसे काही ठिकाणी चौदा-पंधरा तास काम चालू लागलं. बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. १९०८ सालच्या सरकारी कमिशनसमोर मालकांची तक्रार काय, तर कामगार सारखे बाहेर जातात, विड्या ओढत आवारात बसतात! चौदा तासांत माणूस बसणार नाही तर काय करील? पण मालकांच्या बाजूने बघितलं तर तेही खोटं बोलत नव्हते. माणसं खरोखरच बसत, आणि त्यांची जागा भरायला जास्तीची माणसं खरोखरच ठेवलेली असत. बिष्णुप्रिया गुप्ता या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी २०११ साली याची दुसरी बाजू मांडली. मजुरी कमी, माणसं गरजेपेक्षा जास्त, म्हणून कुणीच जीव तोडून काम करत नाही, आणि काम कमी म्हणून मजुरी कमी. असा तो फेरा आहे.

हा फेरा मोडायचा पहिला मोठा प्रयत्न झाला १९२८ साली. काही मालकांनी ठरवलं, साचेवाल्याने दोनाऐवजी तीन साचे चालवायचे आणि सूतखात्यात एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. एप्रिलमध्ये संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. ऑक्टोबरात संप मिटला तेव्हा प्रश्न फॉसेट समितीकडे गेला. आमचे आजोबा त्या संपात होते. पहिला महिना मुंबईत काढून गावी आले आणि पावसाळाभर भात लावला. आजी सांगायची, त्या वर्षी श्रावणात घरात नुसती पेज होती. मनिऑर्डर नाही म्हणून पोस्टमन वाट बदलून जायचा.

बी.ए.ला असताना मी आजोबांना ओरडून ओरडून विचारलं होतं, "तिसरा साचा चालवता आला नसता का हो?" ते म्हणाले, "येयत नाय कशाक? येय होतो." आणि मग म्हणाले, "पण तिसरो साचो म्हणजे शेजाऱ्याच्या ताटातलो भात."

एवढी वर्षं हे वाक्य मी घरात अभिमानाने सांगत आलो. सुझन वोल्कॉट नावाच्या संशोधक बाईंचा १९९४ सालचा एक निबंध आहे, नातवानेच पाठवला. त्यात या वाक्याचं अर्थशास्त्र सापडलं. जपानच्या गिरण्यांत बहुतेक खेड्यातल्या कोवळ्या मुली असत. गिरणीच्याच वसतिगृहात राहायच्या आणि दोन-चार वर्षांनी लग्न करून परत जायच्या. तिथे एकीला जास्त यंत्रं दिली तर पुढच्या वर्षी थोड्या कमी मुली भरती करायच्या, झालं. कुणाची नोकरी जात नाही. आणि त्या पोरी भांडणार तरी कोणाशी? मुंबईत मात्र बाप्ये होते, जन्मभरासाठी आलेले. इथे तिसरा साचा म्हणजे पलीकडे उभा असलेला, आपल्याच गावचा, आपल्याच गाळ्यात झोपणारा माणूस घरी जाणार. आजोबांनी तिसरा साचा नाकारला तो आळसाने नव्हे, हिशेबाने. त्या हिशेबाने उद्योग मागे पडला, हेही खरंच. दोन्ही खरं असू शकतं, हे मला पंचाहत्तरीत कळतंय.

इथे लेख संपवला असता तर बरं झालं असतं. आजोबाही सुटले असते आणि मीही. पण 'शेजारी' हा शब्द पुढे जाऊ देईना.

मुंबईच्या गिरण्यांत साचाखातं हे चांगल्या पगाराचं खातं. सूतखात्यापेक्षा तिथे बरीच जास्त मिळकत. आणि त्या खात्यात महार किंवा इतर अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेल्या धोट्याला दुसऱ्याने कसं तोंड लावायचं? हाच तोंडाने ओढायचा धोटा लँकेशायरमध्येही होता. तिथे त्याच्यावर वाद झाला तो रोग पसरतो म्हणून. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तर १९११ सालीच त्याला कायद्याने बंदी केली. आमच्याकडे मात्र धोटा तसाच राहिला आणि माणसालाच बंदी झाली. ही बंदी कुठल्या इंग्रजाने घातलेली नव्हती. साचेवाल्यांनीच घातली होती आणि मालकांनी ती चालू दिली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला, की ही बंदी उठवण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत हवी.

आमच्या गावच्या महारवाड्यातलेही लोक त्याच बोटीने मुंबईला जात. आजोबा त्यांची नावं घ्यायचे, गणपतीला एकत्र परतायचे. ते सूतखात्यात. आजोबांचा 'शेजारी' म्हणजे त्यांच्यातला कुणी होता का? तिसऱ्या साच्यावर उभा राहणारा माणूस वाचवायला त्यांनी सहा महिने पेज प्यायली. ज्याला पहिलाच साचा मिळत नव्हता त्याच्यासाठी किती दिवस?

हेही मी त्यांना विचारलं होतं, त्याच मे महिन्यात. मोठ्याने विचारावं लागलं, त्यामुळे अंगणातल्या सगळ्यांना ऐकू गेलं. आजोबा बराच वेळ गप्प बसले. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग म्हणाले, "तेव्हा तसाच होता." आणि उठून गोठ्यात गेले. मी पुन्हा विचारलं नाही.

नातवाच्या तक्त्यात देशांचे नंबर आहेत. गिरणीच्या आतले नंबर त्यात नाहीत. जॉबर, साचेवाला, सूतखातं, बायकांचं वायंडिंग, दारातला बदलीवाला, ही उतरंड कुठल्या परदेशी प्राध्यापकाने काढलेली नाही. ज्या गिरणीत काही माणसांना चांगल्या खात्याचं दार बंद आणि उरलेल्यांना एकमेकांची नोकरी जायची भीती, तिथे काम सहाव्या हिश्श्याचं होत असेल तर त्याला संस्कृती म्हणायचं की आणखी काही, हे त्या विषयातल्या लोकांनी ठरवावं. मला शेऱ्याच्या रकान्याचा अनुभव आहे, तेवढ्यावर बोलतोय.

काल रात्री मी नातवाला उलट फोन केला. म्हटलं, तुझा तक्ता बरोबर आहे. आजोबांचा नंबर तोच. पण प्रबंध लिहिशील तेव्हा शेऱ्याचा रकाना भरायची घाई करू नकोस, आधी खोली बघून ये. आणि धोट्याची गोष्टही सांगितली. तो हसला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "आबा, हे आईला माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. म्हणूनच आता लिहितोय.

असो. लांबलं बरंच. एक विनंती घरच्यांना आहे. आजोबांचा बिल्ला, पगाराचा कागद, एखादं पत्र, असं कुणाच्या पेटीत काही असेल तर कळवा. १९२८ नंतर त्यांनी शेवटपर्यंत दोनच साचे चालवले की पुढे तीन घेतले, हे मला सांगता आलं नाही, आणि नातू तेच विचारतोय.